दोन लिटर उकळलेलं पाणी

सोमवार, ४ मार्च

कबूल करते, टाळलं. ताईने ही वही दिली तेव्हा मी बर्फाच्या कारखान्यात होते. "रोज चार ओळी लिही, म्हणजे तू कुठे आहेस ते निदान तुला तरी कळेल," असं म्हणाली होती. त्यानंतर दोन शहरं, पाच नोकऱ्या आणि एक दाढ गेली. वही कोरीच. पहिल्या पानावर कुठल्याशा दुकानाचा फोन नंबर आहे, पण कसलं दुकान ते आठवत नाही.

आज बसले कारण बाहेर पडवत नाही. पाण्याचे नवे पाइप टाकायला रस्ता खणलाय, घोट्यापर्यंत चिखल. आणि खाली मालकीणबाई पायपुसणं टाकून पहाऱ्याला. "बूट काढून हातात! चार मजले मी गुडघ्यावर बसून पुसते, तुमच्यासाठी नाही, जिन्यासाठी!" त्यांचं जिन्यावर जेवढं प्रेम आहे तेवढं माझ्यावर कोणी केलं असतं तर मी एवढी भटकले नसते. असो.

नोकरी: हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काचसामान धुणं आणि जंतूंचं सूप करणं. सूप म्हणजे बाटलीतली पावडर डिस्टिल्ड वॉटरमध्ये मोजून कालवायची, प्रेशरच्या भांड्यात शिजवायची आणि गार करायची. त्यात जंतू सोडले की ते मजेत वाढतात. तीन आठवडे झाले. मुलाखतीला प्रयोगशाळेच्या बाईंनी शिक्षण विचारलं. मी म्हटलं, शाळेत जात होते. खोटं नाही ते.

प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. का बंद? कारण ती दुरुस्त करणारा माणूसच तिच्या खड्ड्यात पडला. आता तो दुसऱ्या मजल्यावर पडून आहे, डावा पाय लोखंडी चौकटीत. सगळे त्याला लिफ्टकाका म्हणतात. वॉर्डातून रिकाम्या बाटल्या आणायला जाते तेव्हा त्यांच्यापाशी थांबते. त्यांनी माझं नाव भिंगरी ठेवलंय. "दोन मिनिटं एका जागी उभी राहा ना गं भिंगरी, मला चक्कर येते."

बुधवार, ६ मार्च

काकांच्या हाडात जंतू शिरलाय. मोडलेलं हाड जुळतच नाही, पायातून पू येतो. एकेक करून सगळी औषधं देऊन झाली. जंतू ढिम्म.

बाईंनी आज मला प्लेट दाखवली. पट्टी रेघा मारत होता म्हणून मी डोकावले. पट्टी म्हणजे तिथला तंत्रज्ञ, फुटपट्टीशिवाय रेघ मारत नाही, बहुतेक भाकरीचा तुकडाही मोजून मोडत असेल. तळहाताएवढी प्लॅस्टिकची प्लेट, तिच्यात शहाण्णव खळगे. आडव्या बाजूने एक औषध, पातळ ते घट्ट. उभ्या बाजूने दुसरं. म्हणजे प्रत्येक खळग्यात दोघांचं वेगळं प्रमाण. मग सगळीकडे सूप आणि काकांच्या पायातला जंतू. दुसऱ्या दिवशी बघायचं. गढूळ खळगा म्हणजे जंतू जिवंत. नितळ म्हणजे मेला.

"पण एकेकट्याला जे जमलं नाही ते दोघांना कसं जमेल?" मी विचारलं.

"पहिलं औषध जंतूच्या भिंतीला भोकं पाडतं," बाई म्हणाल्या. "पण तेवढ्याने तो मरत नाही, भिंत सांधून घेतो. दुसरं आतला कारखाना बंद पाडतं, पण त्याला आत शिरता येत नाही. डोस खूप वाढवला तर शिरेल, पण मग माणसाची मूत्रपिंडं जातील. दोन्ही थोडीथोडी एकत्र दिली तर?"

लांबलचक नावं माझ्या डोक्यात राहिनात, म्हणून भिंतफोड्या आणि आतशिऱ्या. खाली जाऊन काकांना सांगितलं. खूष झाले. "म्हणजे एकाने कडी काढायची आणि दुसऱ्याने घर साफ करायचं. बघ हां, माझं घर साफ नको करायला लावू."

त्यांच्या खाटेखाली त्यांचे कामाचे बूट आहेत, पुढे लोखंडी टोपी असलेले. दोन्ही. नर्सला सांगून रोज पुसून घेतात. मी म्हटलं, चालायचं तर नाहीये अजून. म्हणाले, "म्हणूनच. नाहीतर बूट रुसतात."

शुक्रवार, ८ मार्च

खणकाम आता हॉस्पिटलसमोरही आलंय. आज प्रयोगशाळेच्या खिडकीतून पाइपवाल्यांचं भांडण बघत होते. एकाने पाइप उलटा बसवला होता आणि तो मानायलाच तयार नव्हता. म्हणे जमीनच उलटी आहे. पाऊण तास चाललं. मी एवढी रमले की डिस्टिल्डचं यंत्र लावायचं राहून गेलं. ते यंत्र म्हणजे माझ्यासारखीला शिक्षा आहे. थेंब. थेंब. थेंब. एक कॅन भरायला अख्खी दुपार.

आणि चार वाजता पट्टी दारात. काकांच्या प्लेटसाठी दोन लिटर सूप सोमवारी सकाळी तयार हवं. कॅनमध्ये तळाला दोन बोटं पाणी.

मग मी नळाचं घेतलं. पण तसंच नाही, मी काही अगदीच ही नाही. वीस मिनिटं पातेल्यात खळखळ उकळलं आणि स्वच्छ फडक्यातून दोनदा गाळलं. आजारी माणसाला घरी तेच तर देतात. शिवाय नंतर ते प्रेशरच्या भांड्यातून जाणारच, म्हणजे दोनदा उकळलं. यंत्राच्या पाण्यापेक्षा जास्तच शुद्ध म्हणा ना. सूप छान सोनेरी झालं.

तो पाइप शेवटी उलटाच होता.

मंगळवार, १२ मार्च

प्लेट बाहेर आली. बाईंनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ धरूनच राहिल्या. जवळपास सगळी गढूळ. अगदी टोकाच्या कोपऱ्यात, जिथे दोन्ही औषधं माणसाला सोसणार नाहीत एवढी, तिथे तीनचार खळगे नितळ.

"नाही जमत दोघांनाही," मी म्हटलं.

बाईंनी प्लेट फिरवून पुन्हा उजेडात धरली.

खाली सर्जननी काकांना सांगितलं. ताप चढतोय, जंतू रक्तात उतरला तर जीव जाईल. पुढच्या मंगळवारी, एकोणीस तारखेला, गुडघ्याच्या वरून पाय काढायचा.

मी गेले तेव्हा काका छताकडे बघत होते. मला वाटलं रडतील. म्हणाले, "भिंगरे, फक्त डावाच पाय असलेला कोणी ओळखीचा आहे का? एक बूट आहे, चांगल्या अवस्थेतला."

मला हसू आलं आणि मग मी बाटल्यांचा ट्रे तिथेच विसरून वर आले.

बुधवार, १३ मार्च

वर भलताच गोंधळ. काकांच्या जंतूसोबत दर वेळी एक ओळखीचा जंतूही लावतात. त्याला आतशिऱ्या किती थेंबात मारतो हे जगभर ठरलेलं आहे. चाचणीची चाचणी म्हणायची. त्याची प्लेट आज वाचली, तर तो ओळखीचाही मेला नाही! ठरल्यापेक्षा चौपट लागलं.

बाई पट्टीला म्हणाल्या, "औषध तोलताना चूक झाली?"

"नाही, बाई."

"मग ओळखीचा जंतू रात्रीतून पैलवान झाला?"

पट्टीने तोलल्याच्या नोंदींची वही पुढे केली. बाईंनी नवी बाटली फोडून स्वतः तोलली, तेच उरलेलं सूप घेतलं आणि प्लेट पुन्हा लावली. पट्टीला प्लेटला हात लावू दिला नाही.

नंतर पट्टी धुण्याच्या खोलीत आला. शेगडीवरच्या पातेल्याकडे बघत म्हणाला, "गेल्या शुक्रवारी कॅन रिकामा होता का गं?"

"नाही," मी म्हटलं. प्रश्न पुरता संपायच्या आत म्हटलं.

"बरं. विचारलं आपलं."

का नाही म्हटलं कोण जाणे. पाण्याचा काय संबंध? उगीच कटकट नको म्हणून. त्याला मी आवडत नाही हे पहिल्या दिवसापासून दिसतंय. निघताना पातेल्याला बोट लावून बघितलं त्याने. आतून पांढरी रेघ होती. घासायची राहिली असेल.

ताई म्हणते तसं, पळायची वेळ आली की माझ्या पोटऱ्या आधी दुखतात. आज दुखतायत.

गुरुवार, १४ मार्च

दुसरी प्लेटही गढूळ. बाई सर्जनना म्हणाल्या, ही चाचणी खरी धरू नका, हिच्यात काहीतरी बिघडलंय. सर्जन म्हणाले, मग खरी कधी देता? मंगळवारच्या पुढे मी थांबणार नाही.

संध्याकाळी मालकीणबाईंकडे चहाला गेले. त्या किटली उलटी करून तिचा तळ चमच्याने खरवडत होत्या. आतून पांढऱ्या खपल्या पडत होत्या, अंड्याच्या कवचासारख्या.

"हे काय?"

"चुना. इथल्या पाण्यात चिकार आहे. साबणाला फेस येत नाही ते बघितलं नाहीस?"

"पण पाणी तर उकळलेलं असतं."

"अगं वेडे, वाफ होऊन जातं ते पाणी. चुना कुठे जाणार उडून? थोडा तळाला बसतो, उरलेला पाण्यातच. उकळल्याने जंतू मरतात. चुना काय जिवंत आहे मरायला?"

कपासकट तशीच उठून निघाले आणि चहा सांडला माझ्याकडून. जिन्यावर. त्यावर जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

पातेल्याची पांढरी रेघ. पण चुन्याने काय होतं? दगड आहे तो. दगडाने जंतू कसा वाचेल? माझा संबंध नसेलही. नक्की कोणी सांगावं? कोणी विचारलं तर सांगेन. पट्टीने विचारलं होतं.

शुक्रवार, १५ मार्च

सकाळी सहाला पिशवी भरली. ती अर्धी भरलेलीच असते. बसस्टँडवर गेले, रांगेत उभी राहिले. खिडकीतला म्हणाला, "कुठलं?"

"कुठलंही. पहिली सुटेल ती."

"असं नसतं. गाव सांगा."

मला एकही गाव आठवेना. इतकी गावं फिरले, एक नाव तोंडात येईना. मागची बाई म्हणाली, "अहो, ठरवून तरी या ना. आम्हाला पोहोचायचंय."

म्हणून मी बाजूला झाले. मी शूर वगैरे काही नाही, हे नीट लिहून ठेवते. मी फक्त रांगेतून बाजूला झाले आणि पाय हॉस्पिटलकडे वळले, कारण उतार त्या बाजूला आहे.

बाईंच्या टेबलासमोर पिशवीसकट उभी राहून सगळं एका दमात सांगितलं. पाइपवाल्यांचं भांडणही सांगितलं.

ओरडतील वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला. "किती लिटर?"

"दोन."

"किती वेळ उकळलंस?"

"वीस मिनिटं."

लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आतशिऱ्या म्हणतेस ना त्याला? त्याला जंतूच्या सालीवर आधी पकड घ्यावी लागते. चुन्याचे कण नेमके त्याच जागा अडवून बसतात. सुपात ते मोजून घातलेले असतात, वर तू पातेलंभर ओतलेस. ते औषध दाराशीच उभं राहिलं. आत जाणार कुठून?"

"म्हणजे काकांचा पाय..."

"ते आत्ता मला माहीत नाही. तुला तर नाहीच."

पट्टी कोपऱ्यात होता. मी त्याला म्हटलं, तुम्हाला कळलं होतं. तो फुटपट्टी सरळ करत म्हणाला, "वाटलं होतं. तू सांगशील म्हणून दोन दिवस थांबलो. ते दोन दिवस माझे. तुझ्यात धरू नकोस."

हे त्याने बाईंसमोर म्हटलं. बाईंनी तेही लिहून घेतलं.

मग मला यंत्रापुढे स्टूल दिलं. "भरेपर्यंत उठायचं नाही."

थेंब. थेंब. नऊ वाजल्यापासून साडेतीनपर्यंत. बाहेर काहीतरी मोठ्याने कोसळलं, सगळे खिडकीशी धावले. मी बघितलं नाही. काय कोसळलं ते अजून माहीत नाही.

रविवार, १७ मार्च

सुट्टी असून तिघंही आलो. बाईंनी प्लेट उजेडात धरली आणि मला जवळ बोलावलं. "वाच."

पहिल्यांदा ओळखीचा जंतू. मेला होता, जिथे मरायला हवा तिथेच.

मग काकांचा. एका कडेला भिंतफोड्या एकटा: गढूळ, गढूळ, गढूळ. दुसऱ्या कडेला आतशिऱ्या एकटा: बराच वेळ गढूळ. पण मध्ये, जिथे दोघं होते, तिथे नितळ खळगे खाली खाली उतरत आले होते, पायरी पायरीने. अगदी थोड्या थोड्या डोसापर्यंत.

"जिना," मी म्हटलं.

"जिनाच," पट्टी म्हणाला आणि त्याने पहिल्यांदा फुटपट्टी न घेता, बोटाने, हवेत त्या कडेवरून रेघ मारली.

बाई नुसत्या म्हणाल्या, "प्लेटमध्ये जमलं. हाडात जमेल असं मी लिहून देणार नाही." आणि भराभर जिना उतरून गेल्या.

सोमवार, १८ मार्च

सर्जन तयार झाले. दोन्ही औषधं आजपासून. ताप दहा दिवसांत उतरला तर सहा आठवडे चालू. नाही उतरला तर पाय काढणार, आणि तेव्हा कदाचित उशीर झालेला असेल. म्हणजे मंगळवारचा धोका नुसता पुढे ढकललाय, तोही वाढवून.

मला काढलं. बाईंनी स्वतः सांगितलं. "तू सांगितलंस हे मी कागदावर घातलंय. खोटं बोललीस तेही." बरोबर आहे.

जाताना काकांना भेटले. कोणी सांगायला लावलं नव्हतं. सलाइन चालू होतं. सगळं सांगितलं, पाइपवाल्यांचं सोडून.

त्यांनी चादर सरकवून पायाकडे बघितलं. मग म्हणाले, "मी पाच-सहा दिवस रोज सकाळी उठून आधी पाय बघायचो. आहे ना म्हणून. कळलं?"

"हो."

"उकळलेलं पाणी."

"हो, काका."

"जा."

भिंगरी म्हणाले नाहीत.

बुधवार, २७ मार्च

उद्या नक्की निघते, असं नऊ दिवस म्हणतेय. दरम्यान शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात लागले. काम काय? टाक्यांमधलं पाणी बदलणं. हसू नये. दुकानदार पहिल्याच दिवशी म्हणाला, "नळाचं ओतायचं नाही हं डायरेक्ट." मी म्हटलं, मला हे सांगणारे तुम्ही पहिले नाही.

आज मोजलं, दहावा दिवस. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेले आणि कुत्र्याशी बोलत बसले.

मंगळवार, ९ एप्रिल

आज आत गेले. दुसऱ्या मजल्यापर्यंत. दारातूनच बघितलं.

काकांच्या खाटेवर दुसराच माणूस. खाटेखाली बूट नाहीत. एकही नाही.

नर्स माझ्याकडे येत होती. मी जिना उतरले. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. अर्धी पिशवी भरलेली असते असं लिहिलं होतं ना, ती आता पूर्ण भरून ठेवलीय. पण दुकानात एक लालसर मासा आजारी आहे, त्याचं पाणी माझ्याशिवाय कोणी नीट मोजत नाही. तो बरा झाला की जाईन.

रविवार, २१ एप्रिल

मासा बरा झाला. दुसरा आजारी पडला.

ताईला पत्र लिहायला घेतलं. "मी कुठे आहे ते मला कळतंय" एवढंच लिहून ठेवलंय. पुढचं सुचत नाही. एकदा खालच्या गल्लीत पट्टी दिसला पाठमोरा. हाक मारली नाही. त्याच्या हातात वह्या होत्या, तो चिखल चुकवत मोजून पावलं टाकत होता.

शनिवार, ११ मे

रस्ता अजून खणलेलाच. पाइप पुन्हा काढलेत. बहुधा उलटे बसवले होते.

दुपारभर पडून होते. आज सुट्टी. पिशवीतून एक शर्ट काढून खुंटीला अडकवला, नुसता बघायला कसा दिसतो. बरा दिसतो.

लिहिता लिहिता खाली मालकीणबाईंचा आवाज चढलाय. मला वाटलं पाइपवाले. पण त्या माझ्याच नावाने ओरडतायत. दार उघडून वरूनच विचारलं, काय झालं? जिन्याच्या कठड्यावरून त्यांचं फक्त डोकं दिसतंय.

"कोणीतरी आलंय तुझ्याकडे! नाव सांगत नाही, भिंगरी इथेच राहते का म्हणतोय. काठी टेकत दोन मजले चढलाय, आता पायरीवर बसून धापा टाकतोय आणि मलाच म्हणतो, या इमारतीला लिफ्ट का नाही. वर पाणी मागतोय, आणि म्हणे उकळलेलं नको! आजारी आहे म्हणून बोलले नाही हो मी, पण बूट काढून हातात घ्यायला काय झालं होतं? जिन्याचं काय करून ठेवलंय ये बघ! एक पायरी सोडलेली नाही. डावा, उजवा, डावा, उजवा, खालपासून वरपर्यंत नुसता चिखल!"